बिस्ना साऊद, मुक्काम पोस्ट किहीम

आमच्या साप्ताहिकाचं नाव 'भरती'. अलिबागच्या एसटी स्टँडमागे भाताची एक बंद पडलेली गिरणी आहे, तिच्या माडीवर आमचं ऑफिस. नावामुळे गोंधळ होतो. नोकरभरतीचा पेपर समजून पोरं धापा टाकत जिना चढून येतात, तलाठ्याच्या जागा निघाल्या का विचारतात, आणि मला सांगावं लागतं, बाबांनो, ही समुद्राची भरती. २०११च्या नोव्हेंबरात एक सडपातळ मुलगी अशीच वर आली, तेव्हा मला वाटलं हीसुद्धा जागा विचारायला आलीय. तशी ती जागाच विचारायला आली होती, पण आमच्याकडची.

मी क्रांती. गाव म्हसळ्याच्या आत, डोंगराच्या कुशीत. 'भरती'त गेली अठरा वर्षं मी पानं लावते. मजकूर येतो, तो मी कॉम्प्युटरवर रकान्यांत बसवते, फोटो चिकटवते, शुद्धलेखन बघते. त्यामुळे इथं लिहिणाऱ्या प्रत्येकाचं अक्षर आणि प्रत्येकाच्या चुका मला पाठ आहेत. त्या मुलीने हातात एक कागद आणला होता. किहीमच्या बाजारातल्या सुक्या मासळीवर लिहिलेलं दीड पान. मी वाचलं, एक वेलांटीसुद्धा चुकलेली नव्हती. खाली सही होती, बिस्ना साऊद.

"टोपणनाव का?" मी विचारलं.

"नाही ताई. खरंच नाव आहे. आम्ही नेपाळचे."

मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण तिची मराठी अस्सल अष्टागरातली, म्हणजे आमच्या अलिबागकडची होती. शब्द ओढायची लकबसुद्धा तीच.

तिची हकीकत पुढे तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. नेपाळच्या पश्चिम टोकाला बझांग नावाचा डोंगराळ जिल्हा आहे, तिथला तिचा जन्म. वडील आधी दिल्लीला, मग मुंबईला, आणि शेवटी किहीमला एका मोठ्या बंगल्यावर वॉचमन म्हणून आले. १९९७ साली त्यांनी बायकोला आणि सात वर्षांच्या बिस्नाला आणून घेतलं. बंगल्याच्या मागे, नारळीच्या बागेत, पंपाच्या खोलीला लागून एक खोली होती. तीच घर. मालक दिवाळीत आणि मे महिन्यात यायचे. बाकीचे दहा महिने एवढ्या मोठ्या आवारात हे तिघंच.

झेडपीच्या शाळेत नाव घालायला आई तिला घेऊन गेली. आईला मराठी येत नव्हती, बाईंना नेपाळी. नूतनबाई नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "बिस्ना म्हणजे विष्णूवरून असेल. वैष्णवी लिहू का? मुलं चिडवणार नाहीत." पोरीला शब्द कळले नाहीत, पण आपलं नाव बदलतंय एवढं कळलं. तिने टेबलावर हात आपटून तीनदा सांगितलं, बिस्ना, बिस्ना, बिस्ना. बाई हसल्या आणि त्यांनी तेच लिहिलं.

चौथीत 'माझे गाव' हा निबंध आला. वर्गातल्या सगळ्यांनी किहीम लिहिलं. हिने पहिल्या पानावर बझांग लिहिलं आणि दुसऱ्या पानावर किहीम. वर्गातल्या एकाने तक्रार केली की बाई, हिने दोन गावं लिहिली, निबंध चुकला. त्यावर नूतनबाई म्हणाल्या, "एका निबंधात एकच गाव येतं असं कुठं लिहिलंय?" हे वाक्य बिस्नाने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल. दर वेळी सांगताना ती ताठ बसायची.

आमचे संपादक हर्षद राऊत तेव्हा पन्नाशीत होते. माणूस बोलायला फटकळ, पण मजकुराची पारख असलेला. त्यांनी सुक्या मासळीचं दीड पान उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "उद्यापासून ये. पण लेखिका व्हायला आली असशील तर आत्ताच जा. इथं आधी वाढदिवसाच्या जाहिराती, क्रिकेटचे सामने आणि निधनवार्ता."

दोन वर्षं बिस्नाने तेच केलं. सकाळी किहीमहून एसटीने यायची, दिवसभर स्कूटीवर फिरायची. ती स्कूटी राऊत सरांची जुनी, पावलं टेकत चालवावी लागे अशी. टेनिस चेंडूच्या स्पर्धेत कोण जिंकलं, कुठल्या मंडळाने रक्तदान केलं, कोण वारलं. निधनवार्ता लिहायचा तिला कंटाळा नव्हता. उलट घरी फोन करून ती इतकं विचारायची की मी म्हणायचे, अगं, चार ओळी तर छापायच्यात. ती म्हणायची, "क्रांतीताई, एखाद्याच्या आयुष्यात त्याचं नाव पेपरात एवढं एकदाच येतं. नीट नको यायला?"

मग २०१३चा ऑगस्ट आला. नारळी पुनवेला नुकतेच चार-पाच दिवस झाले होते, होड्या दर्यात गेल्या होत्या. काशीदच्या अलीकडे एक लहान बंदर आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, पुढे काय झालं ते वाचलं की कारण कळेल. त्या बंदरातल्या 'जलराणी' या होडीवरचा एक खलाशी जाळं ओढताना पाण्यात पडला. दोन दिवसांनी काशीदच्या किनाऱ्याला लागला. पोलिसांच्या नोंदीत होतं, नेपाळी इसम, वय अंदाजे पस्तीस. राऊत सरांनी तो कागद बिस्नाकडे दिला. "दोन ओळी कर."

तिने कागदावर नाव शोधलं, ते नव्हतं. मग उठली आणि स्कूटी काढून थेट त्या बंदरावर गेली. 'जलराणी'चे मालक बुधाजी नाखवा धक्क्यावरच बसलेले. तीन दिवस त्यांनी दाढी केली नव्हती.

"त्याचं नाव काय होतं?" तिने विचारलं.

"कांचा," नाखवा म्हणाले. "अकरा वर्सं माज्या होडीवर व्हता. पोरासारका."

"नाखवा, कांचा म्हणजे आमच्याकडे धाकटा. घरातल्या शेंडेफळाला म्हणतात. ते नाव नव्हे."

बुधाजी नाखव्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मंग नाव मला म्हाईत न्हाय, बाय," ते म्हणाले. त्या माणसाला अकरा वर्षांत पहिल्यांदा याची लाज वाटली असावी. ते स्वतःच उठून तिला खलाशांच्या खोलीवर घेऊन गेले. तिथल्या सोबत्यांना नाव माहीत होतं. प्रेम बहादूर कुंवर. बाजुरा जिल्हा. घरी फोन नाही. डोंगराच्या पलीकडे एक दुकान आहे, त्याचा नंबर कुणाच्या तरी वहीत होता, पण घरी कळवायचा धीर एकालाही होत नव्हता.

तो फोन बिस्नाने आमच्या ऑफिसातून केला. दुकानदाराने माणूस धाडला. तीन तासांनी परत फोन लावला, तेव्हा पलीकडे प्रेम बहादूरची बायको होती. कलसा तिचं नाव. मी शेजारच्या टेबलावर बसले होते. बिस्ना तिच्या आईच्या बोलीत बोलत होती, आणि मधेच अडत होती. किहीमला आल्यापासून ती बोली तिने फक्त घरात, जेवणखाणापुरती वापरली होती. मेलेल्या माणसाची बातमी त्या भाषेत कशी सांगतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने कशी सांगितली मला माहीत नाही. एवढं दिसलं की फोनची वायर तिने बोटांना घट्ट गुंडाळून घेतली होती आणि बोटं पांढरी पडली होती.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाई रडली नाही. एकच विचारलं. शेवटी काय जेवला?"

बिस्ना परत बंदरावर गेली. नाखव्यांची बायको सगुणा दारात होती. बुधाजी म्हणाले, "मांदेली आनि भात. मीच वाढलं व्हतं." ते ऐकून बिस्ना परत आली, दुकानाला परत फोन लावला, परत थांबली आणि सांगितलं, भात आणि मासे. पलीकडून कलसा म्हणाली, "घरी तर कधी मासे खाल्ले नाहीत." आणि थोड्या वेळाने, "तिकडं शिकला असेल." तिथं ती रडली.

प्रेम बहादूरचा चुलतभाऊ पुण्याला एका हॉटेलात कामाला होता. कलसाने त्याचं नाव सांगितलं, बिस्नाने त्याला शोधून काढलं, दुसऱ्या दिवशी तो आला. अंत्यसंस्कार त्याच बंदरावर झाले. सगळं गाव आलं होतं.

गुरुवारी बिस्नाने मजकूर दिला. दोन ओळींचा नव्हता, अर्ध्या रकान्याचा होता. शेवटचं वाक्य असं, "त्यांच्या पश्चात आई, पत्नी, दोन मुली आणि 'जलराणी'वरचे सात सोबती असा परिवार आहे."

राऊत सरांनी चष्मा काढला. "बिस्ना, निधनवार्तेत परिवार म्हणजे रक्ताचा. हे सात सोबती कुठून घुसवले?"

"सर, अकरा वर्षं एका ताटात जेवले. मग त्यांना कुठल्या नावाने छापू?"

सरांनी चष्मा परत लावला. त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला आणि माझ्याकडे दिला. "क्रांती, लाव. गावातल्या माणसांच्या निधनवार्तांमध्येच लाव, वेगळ्या चौकटीत नको."

अंक निघाला आणि शनिवारी बुधाजी नाखवा स्वतः जिना चढून वर आले. आयुष्यात ते कुठल्या पेपराच्या ऑफिसात गेले नव्हते. दहा अंक मागितले. एक बाजुऱ्याला पाठवायचा होता, बाकी होडीवरच्या पोरांना. जाताना दारात थांबले आणि म्हणाले, "आता सगल्यांची नावं इचारून घेतली मी. पूर्न नावं."

पुढच्या आठवडाभर फोन येत राहिले. दुसऱ्या होड्यांवरचे खलाशी, रेवदंड्याच्या बेकरीतला भट्टीवाला, वीटभट्टीवरची माणसं. सगळ्यांचं म्हणणं एकच, ताई, आमचंही नाव लिहून ठेवा, पण मरायच्या आधी. असं म्हणून हसायचे. त्यातून बिस्नाचं सदर सुरू झालं. सरांनी चौथ्या पानावरचा खालचा कोपरा दिला. सदराचं नाव बिस्नाने ठेवलं, 'मुक्काम पोस्ट'. पत्र लिहिताना आपण लिहायचो तसं. दर आठवड्याला एक माणूस. कुठून आला, कसा आला, आता कुठं असतो, आणि मुक्काम पोस्ट विचारलं तर कुठला पत्ता सांगतो.

पहिल्या वर्षी तिने विजापूरकडून रस्त्याच्या कामावर आलेल्या आणि इथंच खानावळ टाकून राहिलेल्या बाईवर लिहिलं. ओडिशाच्या माळ्यावर लिहिलं, जो किहीमच्या नऊ बंगल्यांच्या बागा सांभाळतो आणि प्रत्येक झाडाला आपल्या भाषेतलं नाव देतो. मजकूर साधा असायचा. फुलबाज्या नाहीत. माणूस बोलतोय आणि आपण समोर बसलोय असं वाटायचं.

मग अलिबागच्या एका वाचकाचं पत्र आलं. 'आमची माणसं संपली काय, की तुम्ही बाहेरच्यांचेच पोवाडे गाता?' असं सरळ विचारलेलं. सरांनी ते छापलं. मला राग आला. बिस्ना मात्र पत्र दोनदा वाचून म्हणाली, "बरोबर विचारलंय त्यांनी. क्रांतीताई, तुमचे वडील मुंबईला होते ना? मला त्यांच्याकडे न्याल?"

मी तिला म्हसळ्याला घेऊन गेले. माझे वडील येसाजी. भाताची शेती, पण अठ्ठावीस वर्षं मुंबईत एका कारखान्यात. घरी त्यांनी मुंबईचं कधी काही सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. बाबा पगार पाठवायचे आणि गणपतीला यायचे, एवढीच त्यांची मुंबई आम्हाला माहीत. बिस्ना ओट्यावर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि विचारत राहिली. खोलीत किती जण होते? झोपायचं कसं? आजारी पडलं तर कोण बघायचं? दुपारपर्यंत बाबा हो-नाही करत होते. मग एकदम बोलायला लागले. लालबागला गावकीची खोली होती, तीत सव्वीस माणसं, रात्रपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीवर दिवसपाळीवाला झोपायचा. चटई गार व्हायचीच नाय, बाबा म्हणाले. आई दाराआड उभी राहून ऐकत होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिने हे पहिल्यांदा ऐकलं.

"मग तुम्ही कुठले?" बिस्नाने शेवटी विचारलं.

"मुंबैत मी कोकन्या," बाबा म्हणाले, "गावात आलो की मुंबैवाला. मधल्या बोटीत बसलो आसंन तवा काय तो येसाजी."

ते वाक्य मी स्वतः मथळ्यात लावलं. अंक गावात गेला तेव्हा बाबांच्या वयाची माणसं तो घेऊन आमच्या ओट्यावर आली, आणि त्या दिवशी त्या ओट्यावर जे बोलणं झालं ते आमच्या गावात आजवर कधी झालं नव्हतं. त्यानंतर बिस्नाने इथून गेलेल्या आणि इथं आलेल्या, दोघांवरही लिहायला सुरुवात केली. मिठागरं गेली म्हणून ट्रेलर चालवायला लागलेला उरणकडचा आगरी माणूस, आखातात वीस वर्षं काढून परतलेला म्हसळ्याचा सुतार, लग्न होऊन गुजरातला गेलेली आणि भाऊबीजेला चार दिवसांसाठी परतणारी हेमाली. तक्रारीची पत्रं आली, पण त्यांहून जास्त आली पत्ते कळवणारी. आमच्या आत्याकडे जा, आमच्या शेजाऱ्याकडे जा.

२०१९च्या जानेवारीत त्याच बंदरावर, जिथं प्रेम बहादूरला अग्नी दिला होता, दोन होड्यांवरच्या बॅटऱ्या आणि मासे शोधायचं एक यंत्र चोरीला गेलं. चोर सापडला नाही. गावात कुजबुज सुरू झाली आणि मग देवळासमोर सभा बोलावली गेली. ठराव होता, परप्रांतातल्या आणि नेपाळच्या सगळ्या खलाशांना आठ दिवसांत गावाबाहेर काढायचं. पुढाकार स्वप्निल नावाच्या तरुणाचा. नवी होडी घेतलेला, बोलण्यात तडफदार. चोरीला गेलेली एक बॅटरी त्याचीच.

बिस्ना वार्ताहर म्हणून गेली होती, मी फोटो काढायला. सभेत वीस-पंचवीस नेपाळी पोरं एका बाजूला उभी होती, कुणाकडेही न बघता. बिस्नाने हात वर करून एवढंच विचारलं, "चोरी यांच्यापैकी कुणी केली याचा काही पुरावा पोलिसांकडे आहे का?"

स्वप्निल वळला. "ताई, तुमी लिवायला आलायत, लिवा. मत देऊ नका. तुमी पन भायेरच्याच."

मला वाटलं बिस्ना उत्तर देईल. तिला बोलता येतं. पण तिने ते वाक्य वहीत उतरून घेतलं आणि विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगता? बातमीत लागेल." स्वप्निलने सांगितलं, पण आवाज थोडा उतरला होता. ठरावावर दहा दिवसांनी येणाऱ्या रविवारी निर्णय घ्यायचं ठरलं आणि सभा उठली.

ऑफिसात आल्यावर ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "राग नाही आला मला," ती म्हणाली. "पण सहा वर्षं जे लिहिलं ते कुणी वाचलंच नाही की काय असं वाटलं."

राऊत सर म्हणाले, "अग्रलेख लिही. पहिल्या पानावर देतो."

"नको सर. मला सहा दिवस द्या."

सहा दिवस ती त्या गावात घरोघर फिरली. एकशे बारा घरं. प्रत्येक उंबऱ्यात तिने एकच प्रश्न विचारला, तुमच्या घरातलं बाहेर कोण आहे? काही जणांनी दार लावून घेतलं. बहुतेकांनी आत बोलावलं, कारण आपल्या लांबच्या माणसाबद्दल बोलायला कुणाला नको असतं? पाचव्या दिवशी ती स्वप्निलच्या घरी गेली. तो दर्यावर होता. आईने चहा केला. थोरला मुलगा सुजित दोहाला, तिने सांगितलं. आणि मग, कुणी न विचारता, "तकडं गेल्या साली ताप धरला व्हता त्याला. खोलीतला एक नेपाळी पोरगा रोज पेज करून पाजायचा. माझ्याशी फोनवर पन बोलला, मला म्हंतो, आमा, काळजी नको."

बिस्नाने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे छाप, याच्यावरच लेख कर. ती म्हणाली, "नाही. त्या माउलीने मला सांगितलंय, पेपराला नाही. आणि तिच्या मुलाला चारचौघांत खाली बघायला लावून मला काय मिळणार?"

अंकात सभेची बातमी आली, जशीच्या तशी. 'तुम्ही पण बाहेरच्याच' हे वाक्यसुद्धा, कुठलीही टिप्पणी न करता. आणि शेजारी पानभर यादी. एकशे बारा घरांपैकी चौऱ्याण्णव घरांची. घराचं नाव, माणसाचं नाव, आणि तो कुठे आहे. मुंबई, पनवेल, सुरत, कुवेत, दोहा, जहाजावर, लष्करात जम्मूला. त्याच यादीत, त्याच टायपात, गावात राहणाऱ्या सदतीस खलाशांची नावं आणि त्यांची गावं. वर मथळा फक्त 'मुक्काम पोस्ट'. हे पान लावायला मला दोन दिवस लागले. माझ्या अठरा वर्षांतलं ते सगळ्यात चांगलं पान आहे असं मी आजही सांगते.

शनिवारी सकाळी स्वप्निल ऑफिसात आला. हातात अंक. मी उठून उभी राहिले, भांडण होणार अशी खात्रीच.

"चूक छापलीय तुमी," तो बिस्नाला म्हणाला. "सुजित दोहाला न्हाय आता. डिसेंबरात मस्कतला गेला. आईच्या ध्यानात ऱ्हात न्हाय."

"दुरुस्ती देते पुढच्या अंकात," बिस्ना म्हणाली. "बसा ना."

तो बसला नाही, पण गेलाही नाही. यादीवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "पन चोरी झालेय हे पन खरं हाय ना?"

"खरं आहे. आणि ती छापलीय."

तो खुर्ची ओढून बसला. मी चहा सांगितला.

रविवारच्या सभेला मी नव्हते, बिस्नानेही मुद्दाम दुसऱ्या कुणाला पाठवलं. पण झालं ते सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. सगुणा, बुधाजी नाखव्यांची बायको, आयुष्यात कधी सभेत बोलली नव्हती. ती उठली आणि म्हणाली, "माज्या होडीवरची पोरं ग्येली तं माजी होडी बी जाईल. पयले मला भायेर काढा." बायकांच्या बाजूने हो हो झालं. ठराव मतालाच आला नाही. त्याऐवजी ठरलं की मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात एक वही ठेवायची. प्रत्येक खलाशाचं पूर्ण नाव, फोटो, गाव, घरचा फोन, आणि सगळ्यांचा विमा. वही लिहायचं काम स्वप्निलने मागून घेतलं. त्याचं अक्षर चांगलं आहे, मी पाहिलंय. आता त्या पट्ट्यातल्या आणखी पाच बंदरांनी तशाच वह्या केल्या आहेत. बॅटऱ्या कुणी नेल्या ते अजूनही कळलेलं नाही.

त्यानंतरही तिच्यावर टीका झाली नाही असं नाही. मुंबईच्या एका मोठ्या दैनिकाने तिला बोलावलं, तेव्हा काहींना वाटलं ती कायमची जाईल. ती दोन महिने जाऊन आली आणि परतली. "तिथं लोक भेटत नाहीत, प्रतिक्रिया भेटतात," असं म्हणाली. मला बरं वाटलं, पण खरं सांगायचं तर ती तिथंच राहिली असती तरी मला तेवढाच अभिमान वाटला असता.

गेल्या वर्षी राऊत सरांचे गुडघे गेले. रोज जिना चढणं जमेना. पेपर त्यांच्याच मालकीचा राहिला, पण त्यांनी सांगितलं की पुढच्या अंकापासून संपादक बिस्ना. तो अंक निघाला त्या दिवशी ऑफिसात छोटा कार्यक्रम केला. नूतनबाई आल्या, बुधाजी नाखवा आणि सगुणा आले. आणि बिस्नाचे वडील आले, ज्यांना ती बा म्हणते. अठ्ठावीस वर्षं तेच त्या बंगल्याच्या फाटकावर आहेत. मुलीच्या ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते. सवयीने दाराजवळ उभे राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला सरळ करत. सर लंगडत गेले, त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं आणि खुर्चीत बसवलं.

ताजा अंक त्यांच्या हातात दिला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. "कुठं आहे?" त्यांनी विचारलं. पहिलं पान बघून झालं, दुसरं झालं. मी शेवटचं पान उघडलं, अगदी तळाशी जिथं मालक, मुद्रक, प्रकाशक यांची ओळ असते, तिथं बोट ठेवलं. संपादक : बिस्ना साऊद.

बा वाकून बघत राहिले. मग तोंड वर करून म्हणाले, "एवढं बारीक?"

आम्ही सगळे हसलो, नूतनबाई तर डोळे पुसत हसल्या. बिस्ना म्हणाली, "बा, ही ओळ सगळ्या पेपरांत बारीकच असते." त्यांना ते फारसं पटलं नाही. पण जाताना त्यांनी अंकांचा एक गठ्ठा काखेत घेतला. किती घेतले मी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसात फोन वाजत होता. किहीमच्या रस्त्यावरच्या बंगल्यांचे वॉचमन एकामागून एक फोन करत होते. कुणी नेपाळचा, कुणी ओडिशाचा, कुणी जालन्याचा. सगळे तेच सांगत होते. उजाडताच बा प्रत्येक फाटकावर गेले होते, कडी वाजवून आतल्या माणसाला बाहेर बोलावलं होतं आणि शेवटचं पान उघडून दाखवलं होतं. एक ओळही न वाचता येणाऱ्या त्या माणसाचं बोट दर वेळी नेमकं त्याच ओळीवर पडत होतं.